मामांची गाडी आणि अरुमुगम मिस्त्री

माझ्या मामांइतका माणसांवर विश्वास टाकणारा वकील कुंभकोणमच्या कोर्टात झाला नाही, आणि मोटारमिस्त्र्यांचा त्यांच्याइतका संशय घेणारा माणूस अख्ख्या तंजावर जिल्ह्यात सापडला नसता. अशील रडायला लागला की मामा त्याच्याआधी डोळे पुसत. पण पन्नास सालानंतर कधीतरी त्यांनी एका जमीनदाराची बंद पडलेली विलायती गाडी घेतली आणि त्यांचा स्वभाव अंगणापुरता बदलला. कोणी भाग बदलून नेऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येक भागावर, अगदी नटावरही, तांबड्या रंगाचा ठिपका दिला. मिस्त्री समोर असला की ते गाडीबद्दल मामीशी फक्त आमच्या घरातल्या मराठीत बोलत. "तामिळ सगळ्यांस कळते," ते म्हणत, "घरची गोष्ट घरात राहावी." आलेल्या प्रत्येक मिस्त्र्याला ते स्टुलावर बसवून एकच प्रश्न विचारत, "तुमची शेवटची चूक कोणती?" चूकच झाली नाही म्हणणारा खोटारडा ठरे, आणि एक इंजिन जाळल्याचं प्रामाणिकपणे सांगणारा तर अर्थातच परत जाई. एकदा त्यांनी परीक्षा म्हणून स्वतःच एक वायर सैल करून ठेवली. मिस्त्र्याने ती दोन मिनिटांत शोधली, तेव्हा मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "इतक्या लवकर कशी सापडली? याला आधीच ठाऊक असणार." जाणाऱ्या प्रत्येकाला मामी कॉफी पाजत असे, त्यामुळे नापास झालेले मिस्त्रीही अधूनमधून सहज डोकावून जात.

मग जवळच्याच सुंदरपेरुमाळ कोयिल या गावाहून अरुमुगम आला. पन्नाशीचा, सैन्यात ट्रक दुरुस्त केलेला, मोजकं बोलणारा. त्यालाही स्टुलावर बसवून मामांनी शेवटची चूक विचारली. "अजून कळली नाही, ऐया," तो म्हणाला. "गाडी परत आली की कळते." मामा उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने गाडीचं झाकण उघडलं. पुढचे दोन महिने आमच्या घरात सण असल्यासारखं वातावरण होतं. मामा कोर्टातून आले की कोटही न काढता स्टूल घेऊन गाडीजवळ बसत, आणि अरुमुगम न सांगता त्यांच्या हातात पाना देई. एका संध्याकाळी इंजिन क्षणभर धडधडलं, तेव्हा मामीनं आत जाऊन देवापुढे दिवा लावला.

मी तेव्हा नुकताच पोस्टात लागलो होतो. एकदा दुपारी मला अरुमुगम बसस्टँडवर दिसला. त्याच्या काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि फडक्यातून तांबडा ठिपका डोकावत होता. तो स्वामीमलैच्या बसमध्ये चढला. मी त्याला हाक मारायला हवी होती. ती न मारता मी घरी गेलो आणि पाहिलं ते मामांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी त्याला कोर्टात आरोपीला विचारावं तसं विचारलं, "कोणाला विकलास?" अरुमुगमनं हात पुसले. पाण्याच्या पंपाचं आतलं चक्र तुटलं होतं, मद्रासलाही मिळत नव्हतं. स्वामीमलैचा एक मूर्तिकार, धातूच्या मूर्ती ओतणारा, तसंच ओतून बघतो म्हणाला होता, म्हणून नमुन्याला तुटकं चक्र नेलं होतं. "जमेल की नाही ठाऊक नव्हतं, म्हणून बोललो नाही," एवढं सांगून त्यानं हत्यारं पिशवीत भरली आणि तो गेला. त्या दिवशी कॉफीही न घेता गेला.

आठवड्यानं मूर्तिकार स्वतः चक्र घेऊन आला. देवाच्या बोटांइतकं नाजूक काम होतं. मामांनी ते बराच वेळ तळहातावर धरलं, आणि रविवारी मला घेऊन ते आगगाडीनं अरुमुगमच्या गावी गेले.

अरुमुगमनं आम्हाला ओसरीवर बसवलं, ताक दिलं. मामा म्हणाले, "चूक माझी झाली."

"तुम्हाला सांगितलं कोणी, ऐया?"

मी तोंड उघडलं. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला. "कोणी नाही," ते म्हणाले. "मीच पाहिलं बसस्टँडवर."

अरुमुगमनं मान हलवली. "राग नाही माझा. पण त्या गाडीवर आता माझा हात चालायचा नाही." मग चक्र कसं बसवायचं, ते त्यानं मातीत काडीनं काढून दाखवलं. मामांनी शिकाऊ वकिलासारखं सगळं लिहून घेतलं.

परतताना स्टेशनवर मी म्हणालो, "मामा, तुम्हाला मीच सांगितलं, हे मी त्याला बोलायला पाहिजे होतं."

"तू पाहिलंस ते बोललास," मामा म्हणाले. "विचारायचं माझं काम होतं. तेच मला जमलं नाही."

चक्र त्यांनी कधी बसवलं नाही, दुसरा मिस्त्रीही बोलावला नाही. स्टूल आत गेलं, गाडी अंगणात तशीच बंद उभी राहिली. मामी कधी तरी विचारी, तेव्हा "बघू" म्हणत.

मामा गेल्यानंतरच्या वर्षी पापनाशमच्या बाजारात अरुमुगम भेटला. केस पांढरे झाले होते. मामा गेल्याचं ऐकून त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला, आणि विचारलं, "गाडी चालते ना?"

"चालते," मी म्हणालो.

"पंपाचा आवाज येतो का?"

"अजिबात नाही."

तेवढं खरं होतं. अरुमुगमला फार बरं वाटलं.