दातांत पेचकस धरणारा मिस्त्री

शालिग्राम मिस्त्री ठार बहिरा होता. आता सांगायला हरकत नाही, कारण ज्या खात्यात हे लपवायचं होतं ते खातंच आता राहिलेलं नाही. सुरतेत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला खातं म्हणतात. उधन्याच्या आमच्या खात्यात अठ्ठेचाळीस लुमा होत्या. शालिग्राम त्यांचा मिस्त्री आणि मी, रघुनाथ, हजेरी लिहिणारा बाबू. नात्यानं तो माझा साडू. त्याची सरलाबाई थोरली, माझी बायको धाकटी. त्यामुळे तो मला अरेतुरे करायचा आणि मी त्याला अहोजाहो. खोटं मात्र त्याच्यासाठी मीच बोलायचो.

बहिरा माणूस मिस्त्री कसा, असं विचारणाऱ्यानं खात्यात कधी पाऊल टाकलेलं नसतं. अठ्ठेचाळीस लुमा चालू असल्या की तिथं सगळेच बहिरे. बोलायचं ते हातानं. मूठ गोल फिरवली की लूम चालव, तळवा आडवा धरला की बंद कर, अंगठा दाराकडे दाखवला की चालता हो, तुझं काम संपलं. बाकीचं ओठांवरून कळतं. शालिग्राम लुमेच्या अंगावर तळवा ठेवायचा आणि कुठला दाता झिजलाय, कुठला पट्टा सैल झालाय ते सांगायचा. लोक म्हणायचे, काय कान आहे मिस्त्रीचा. मी हजेरीच्या वहीत डोकं घालून बसायचो.

मला कळलं ते नव्वद साली. उधना नाक्यावर ट्रकवाला मागून भोंगा वाजवतोय आणि हा आपला रस्त्याच्या मधोमध चाललाय. मी कॉलर धरून ओढला आणि आईबहीण काढली. त्यानं शांतपणे माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "हळू बोल रघुनाथ, नीट दिसत नाही." तो माझे ओठ वाचत होता.

त्यानं मला तिथंच शपथ घातली. विणकर बहिरा असला तर चालतो, पण मिस्त्रीचा कान गेला असं एकदा पसरलं की सुरतेतलं एकही खातं त्याला दारात उभं करत नाही. दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं आणि शिकायचं वयही उरलं नव्हतं. त्याला खरी भीती वाटायची ती शांततेची. लाईट गेली, लुमा थांबल्या, की हा मुतारीत जायचा आणि लाईट आल्यावरच बाहेर यायचा. प्लेगच्या वर्षी खातं बंद पडलं तेव्हा गावी पळालेल्यांत हा सगळ्यात पहिला. मिस्त्री मरणाला भ्याला म्हणून लोकांनी वर्षभर टिंगल केली. त्यानं ती निमूट ऐकून घेतली म्हणणार होतो, पण तेही त्याच्या नशिबात नव्हतं.

आता हेलिकॉप्टर. आमचे शेठ छगनभाई पंच्याण्णवच्या शेवटी जपानला गेले होते, बिनधोट्याच्या नव्या लुमा बघायला. लुमा आणल्या नाहीत, रेडिओवर उडणारं हेलिकॉप्टर आणलं. दोन हात लांब, खरं इंजिन, खऱ्या पात्या, आणि हातात धरायचा डबा, त्याला दोन दांड्या आणि लांबलचक एरियल. माणूस वाईट नव्हता. तरुणपणी बापाच्या खात्यात स्वतः चार लुमा चालवलेला होता. पण हौसेला मोल नसतं तशी अक्कलही नसते. हे हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडवायला त्यांनी मुहूर्त धरला उत्तरायणाचा. चौदा जानेवारी, सुरतेचं आभाळ पतंगांच्या मांजानं भरलेलं, आणि शेठ गच्चीवर डबा घेऊन उभे. ते वर गेलं, दोन गच्च्यांएवढं गेलं असेल, आणि काचेचा मांजा पात्यांच्या बुडात असा गुंडाळला गेला की ते थेट खाली गल्लीत. आजूबाजूच्या गच्च्यांवर थाळ्या वाजल्या. "काप्यो छे", पतंग कापला, म्हणून ओरडले सगळे. सुरतेत त्या दिवशी काहीही पडलं तरी हेच ओरडतात.

दुसऱ्या दिवशी शेठनी ते पोत्यात घालून खात्यावर आणलं आणि भंगारात टाकायला सांगितलं. पात्या मोडलेल्या, मधला दांडा वाकलेला, मोठ्या दातेरी चाकाचे सात दात उडालेले, शेपटीची नळी दुमडलेली. शालिग्रामनं पोतं उघडून बघितलं आणि परत बांधलं नाही. शेठच्या समोर जाऊन उभा राहिला, म्हणाला, "मी जोडतो."

घरी सरलाबाई त्याच्यावर तडकली. "कशाले जातस तठे?" म्हणाली. तिचंही बरोबर होतं. लूम दुरुस्त करायची तर गोंगाटात. हे दुरुस्त करायचं म्हणजे शेठच्या ऑफिसात आणि त्यामागच्या मोकळ्या वाड्यात, जिथं पंख्याचासुद्धा आवाज येतो, आणि शेठ बाजूला उभे राहून सतत बोलणार. मीही सांगितलं, साडूभाऊ, सुखातला जीव दुःखात घालू नका. तो म्हणाला, "वीस वर्षं त्याच लुमा पुसतोय रे. हे एकदा करू दे." मला त्याचा राग आला आणि थोडा हेवाही वाटला, कारण मला इतकं कशाचंच वाटत नाही.

म्हणून मीही तिथं जाऊन बसू लागलो. हेलिकॉप्टरबरोबर इंग्रजीत पुस्तक होतं आणि खात्यात मॅट्रिक मी एकटा, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. शेठ काही बोलले की मी तेच पुस्तकातून वाचल्यासारखं शालिग्रामकडे तोंड करून बोलायचो. शेठना वाटायचं बाबू जरा ठोंब्या आहे, सगळं दोनदा बोलतो.

पात्यांसाठी त्यानं शिवणीचं लाकूड आणलं, सोनगडच्या बाजूचं, हलकं आणि सरळ. काचेनं तासून तासून दोन पात्या केल्या, दोऱ्याला टांगून दोन्हींचं वजन जुळवलं. मधला दांडा लेथच्या खरादवाल्याकडून करून घेतला. दातेरी चाक फायबरचं कापून आणलं, लुमेची चाकं कापतो त्याच कारागिराकडून. शेपटीकडे जाणारी तार म्हणून सायकलचा स्पोक लावला. तेल तर घरचंच निघालं. मेथेनॉलमध्ये एरंडेल घालायचं, असं पुस्तकात लिहिलं होतं. पलसाण्याच्या डाईंग मिलला माल देणाऱ्या केमिकलवाल्याकडून मेथेनॉल आणलं आणि किराणावाल्याकडून एरंडेल. इंजिन पेटलं की वाडाभर असा वास सुटायचा की मला लहानपणीचे जुलाब आठवायचे.

खरी फजिती इंजिनाची होती. पुस्तकात लिहिलेलं, तेल कमीजास्त सोडणाऱ्या सुईचा स्क्रू फिरवत राहा आणि इंजिनाचा आवाज ऐका, आवाज मोकळा झाला की थांबा. हे शेठनीच माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. "सुनो, सुनो," म्हणाले, "कान से करने का काम है." मी ते शालिग्रामकडे तोंड करून दुसऱ्यांदा म्हटलं. शालिग्रामनं खिशातून लांब पेचकस काढला, त्याचं टोक इंजिनाच्या बुडाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं सुई फिरवायला लागला. दातांतून ते त्याच्या डोक्यात जात होतं. दोनदा मागे, एकदा पुढे, आणि थांबला. इंजिन स्वच्छ चालायला लागलं. शेठ मला म्हणाले, "देखा? इसको बोलते हैं कारीगर." मी मान हलवली आणि बाहेर जाऊन पाणी प्यालो.

पण पहिल्यांदा जोडलेलं ते उडलं नाहीच. चूक त्याची, आणि ती लूमवाल्याचीच चूक. पुस्तकात स्पष्ट होतं की पात्यांचे नट फार आवळायचे नाहीत, पात्या जरा हलत्या ठेवायच्या, फिरताना त्या आपोआप सरळ होतात. मी ते वाचून दाखवलं. तो हसला. लुमेवर आयुष्य घालवलेल्या माणसाला ढिला नट म्हणजे मोडलेली लूम. "पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी पाना धरलेला नाही," म्हणाला आणि दोन्ही नट अंगातलं सगळं बळ लावून आवळले. वाड्यात इंजिन तापलं, पात्या फिरल्या, आणि हेलिकॉप्टर थरथरत थरथरत आडवं झालं. एक पाती भिंतीवर आपटून फुटली आणि वाकू नये तो नवा दांडा वाकला. शेठ आत गेले. शालिग्रामनं उकिडवं बसून फुटलेली पाती उचलली. मग मला म्हणाला, "ते पान परत वाच." मी वाचलं. "पुस्तक खरं," तो म्हणाला, "मी खोटा." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून असं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्यांदा जोडायला फाल्गुन गेला, चैत्र संपत आला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अर्धं खातं खान्देशात निघून जातं, त्याआधी उडवायचं ठरलं. शेठनी नव्या शेडसाठी पलसाण्याला जागा घेतली होती, तिथं सुट्टीच्या दिवशी सकाळी टेम्पोतून गेलो. शेठ, शालिग्राम, मी आणि टेम्पोवाला आनंदा. आजूबाजूला ऊस तोडून मोकळं झालेलं रान. उतरलो. इतकी शांतता मी सुरतेत कधी ऐकली नव्हती. टिटवी ओरडली तरी ऐकू येत होती. मी मनाशी ठरवलं, आज शालिग्रामच्या शेजारून हलायचं नाही.

शालिग्रामनं नट बोटानं तपासले, पात्या हलत्या होत्या. पेचकस दातांत धरून सुई लावली. मग मागे सरकला. शेठनी दांडी वर केली आणि ते उठलं. गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं, मग छातीएवढं. जरा डुललं आणि स्थिर झालं. शिवणीच्या त्या दोन पात्या उन्हात दिसेनाशा झाल्या. शालिग्राम दोन्ही तळवे पुढे धरून उभा होता, वारा अंगावर घेत. शेठनी ते अलगद खाली टेकवलं. साडूनं माझ्याकडे बघितलं. असा खूश मी त्याला त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. मलाही भरून आलं, खोटं का बोलू.

तेल पुन्हा भरायचं म्हणून तो बाटली आणायला टेम्पोकडे निघाला, आमच्याकडे पाठ करून, आणि त्या खुशीत त्याच्या शेजारी राहायचं मी विसरलो. आणि शेठना राहवलं नाही. न सांगता त्यांनी ते परत हवेत उचललं. तेवढ्यात हायवेच्या बाजूनं वाऱ्याचा झोत आला आणि हेलिकॉप्टर तिरकं होऊन सरळ शालिग्रामच्या पाठीकडे निघालं. मानेच्या उंचीवर.

शेठ ओरडले, "खसी जा! हट जा!" मी त्याचं नाव घेऊन ओरडलो. आनंदानं टेम्पोचा भोंगा दाबून धरला. तो आपला चाललाय, संथ, एका लयीत. मी धावलो पण पोचणार नव्हतो. शेठनी दांडी तळाला दाबली. हेलिकॉप्टर त्याच्या मागे पाच पावलांवर जमिनीवर आदळलं. पातीचा एक तुकडा उडून त्याच्या चपलेला लागला, तेव्हा तो वळला.

वळून त्यानं आधी तुकडा बघितला, मग ढिगारा, मग आम्हाला. उपरणं पसरून खाली बसला आणि तुकडे वेचायला लागला. शेठ चालत त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. अगदी जवळ, हातभर. आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "शालिग्राम, कल से खाते पे मत आना."

तो तुकडे वेचत राहिला.

शेठ माझ्याकडे वळले. "कब से?"

"मला कळून सहा वर्षं," मी म्हणालो. आता लपवून काय उरलं होतं. "हजेरी मी लिहितो, शेठ. या सहा वर्षांत एकही लूम त्याच्या हातून नादुरुस्त राहिलेली नाही."

"और तू सब दो बार बोलता था," शेठ म्हणाले. मला भीती वाटत होती, त्याच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

शेठ वळसा घालून त्याच्या समोर गेले. शालिग्रामनं वर बघितलं. शेठचा हात वर आला आणि मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. त्यांनी आधी ढिगाऱ्याकडे बोट केलं आणि हात झटकला, जाऊ दे. मग मूठ वळली आणि गोल फिरवली. एकदा, दोनदा. लूम चालव.

शालिग्रामचा चेहरा उतरला. त्या मोकळ्या रानात एकही लूम नव्हती, आणि ज्याला ऐकू येतं त्याच्याशी तिथं कोणी हातानं बोललं नसतं. त्याला सगळं कळलं. त्यानं मान हलवली आणि उपरण्याला गाठ मारली.

परत येताना शेठ पुढे बसले, आम्ही दोघं मागे, समोरासमोर. गाठोडं त्याच्या मांडीवर. तो म्हणाला, "सावली पडली होती. शेठ माझ्या पाठीमागे काय बोलला?"

"काही नाही."

"खोटं बोलताना तू ओठ चोरतोस, रघुनाथ."

मग मी सांगितलं. हळू, ओठ नीट हलवून, एकेक शब्द. त्याला तो दिसेपर्यंत थांबून.

चलथाण गाव मागे गेलं. "म्हणजे तोंडानं काढलं आणि हातानं ठेवलं," तो शेवटी म्हणाला. "खात्यात हाताचंच खरं धरतात." त्यानं गाठोडं सोडलं, वाकलेला दांडा काढला आणि एक डोळा मिटून तो किती वाकलाय ते बघायला लागला.