ट्रॉलीवरचं नाव

सकाळच्या पोस्टमधली एक चूक आधी दुरुस्त करते. सईला धमक्या देणाऱ्या मुली लांबच्या शहरातल्या आहेत, असं मी लिहिलं होतं. तसं नाही.

सई माझी चुलत बहीण, नववीत आहे, कुंडलला राहते. दोन कोरियन बँडच्या चाहत्या मुलींच्या गटांचं इन्स्टावर भांडण पेटलंय आणि त्यात ही पुढे.

आज दुपारी तिला तिच्याच घराच्या दाराचा फोटो आला, रस्त्यावरून काढलेला. खाली लिहिलं होतं, "शनिवारी क्लासला येतीस न्हवं? आमी बी येतोय."

घर सापडलं कसं? सईनं अंगणात नाचाचा व्हिडिओ केला होता. मागे उसाची ट्रॉली उभी. कारखान्यावर ओळखू यावी म्हणून काकांनी तिच्यावर नाव, गाव ठळक रंगवून घेतलंय.

मी लगेच तिच्याकडे गेले.

"पप्पांना सांगू नको गं ताई, मोबाईल काढून घेत्यात."

"आणि शनिवारी?"

"त्या नुसत्या बोलत्यात गं." एवढं म्हणून तिनं उठून खिडकी लावून घेतली.

तुमच्या मुलींच्या व्हिडिओत मागे काय दिसतं, आज बघाल का?

काकांना मी आत्ता सांगतेय. सई रागावेल. उद्या, शुक्रवारी सकाळी, आम्ही तिला घेऊन पोलीस ठाण्यात जाणार.