डाव्या हाताचं पिस्तूल

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात नागपूरच्या एक बाई सॉफ्टवेअर टेस्टिंगला होत्या. लंच ब्रेकमध्ये भरलेली पाण्याची बाटली घेऊन, डावा हात सरळ ताणून त्या नेमबाजीच्या सरावासाठी खिडकीपाशी उभ्या राहायच्या. बाटली हलत नसे. मला ते पाहून जरा धास्तीच वाटायची.

त्यांच्या शूटिंग क्लबातली एअर पिस्तुलं उजव्या हाताची होती. डाव्या हाताचं, स्वतःचं घेता यावं म्हणून त्यांनी तीन वर्षं कार घेतली नाही.

ते आलं त्या रविवारी त्यांनी मला हौसेनं क्लबात नेलं. आमच्या मॅनेजरनं नुकतंच त्यांचं प्रमोशन अडवलं होतं. मी गंमत म्हणून त्याचा फोटो त्यांच्या टार्गेटवर चिकटवला.

त्यांनी नेम धरला आणि हात खाली घेतला. छर्रा काढून पिस्तूल पेटीत ठेवलं.

"अहो ताई, जोक होता," मी म्हणालो.

टार्गेटपाशी जाऊन त्यांनी फोटो नखानं हळूहळू सोडवला आणि फाटू न देता माझ्या हातात दिला.

"उद्या या माणसाला गुड मॉर्निंग म्हणायचंय रे मला," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्यांनी पेटी पुन्हा उघडली नाही.