मामाजींचा गोतावळा

मामाजींना अनोळखी माणूस सहन होत नसे. नवा चेहरा दिसला की त्यांना पायात काटा रुतल्यासारखं व्हायचं, आणि तो काटा निघेपर्यंत ते चहासुद्धा विचारत नसत. "कुठचे तुमी?" हा पहिला प्रश्न. "कोनाचे?" हा दुसरा. "आन् मामाचं गाव?" हा तिसरा. तिसऱ्या उत्तराला ते खुर्चीत मागे रेलायचे आणि म्हणायचे, "मंग तुमी आपले सोयरेच निंगाले ना!" गॅसचं सिलिंडर पोचवणारा सोयरा, विजेचं मीटर वाचायला आलेला सोयरा. शेलूबाजारच्या हायवेवर टायर पंक्चर झालं म्हणून पाणी मागायला आलेला ट्रकवालाही सोयरा. ट्रकवाल्याचं नातं लावायला जरा वेळ लागला खरा, पण त्याच्या आत्याचं सासर पुसदकडचं निघालं आणि मामाजींच्या जिवात जीव आला.

मामाजी माझे सख्खे सासरे नव्हेत. मी वाशीमची, लग्न होऊन शेलूबाजारात आले, आणि ते आमच्या शेजारचे. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि गल्लीत सासऱ्याच्या वयाचे जे कोणी असतील त्या सगळ्यांनाही. मामाजींची सगळी नोकरी बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून झालेली. सगळं आयुष्य माइकसमोर गेल्यामुळे आवाज असा, की घरात त्यांनी मीठ मागितलं तरी शेजारच्या घरात भाजी अळणी झाल्याचं कळायचं. स्टँडवरची एक गोष्ट ते स्वतःच मोठ्या अभिमानानं सांगत. अकोल्याची गाडी तीन नंबरला लागलेली असताना एकदा त्यांनी माइकवर पाच नंबर पुकारला. लोक बोचकी उचलून पाचकडे धावले. कुणीतरी चूक लक्षात आणून दिली, तेव्हा मामाजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, "गाडी पाचले घे." गोष्टीच्या शेवटी ते छाती पुढे काढून म्हणायचे, "एकदा बोललं ते बोललं!" त्यावर आत्याबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणायच्या, "लगनाच्या वक्तालेही असंच बोलले, म्हून तं मी अडकली."

निवृत्तीनंतर स्टँड सुटलं, पण प्रश्न सुटले नाहीत. त्यांची लेक पुण्याला असते. रोज फोनवर कोण कोणाचा साडू लागतो हे ऐकून ती बिचारी थकली आणि वाढदिवसाची भेट म्हणून तिनं बाबांना इंटरनेटवर वंशावळीचं खातं उघडून दिलं. मला सांगण्यापेक्षा त्यात भरा, म्हणाली. मामाजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, बोटं जाडजूड, शिवाय एकाही पासवर्डवर त्यांचा विश्वास नाही. पण त्या संकेतस्थळावर एक सोय होती. खातेदाराला आपला मदतनीस नेमता यायचा. मदतनीस जे काही करील ते खातेदाराच्याच नावावर दिसायचं. मी शाळेत संगणक शिकवते हे गल्लीला ठाऊक होतं. मामाजींनी मला विचारलं वगैरे नाही, नेमलंच. "सूनबाई, रविवारची ड्यूटी लावली तुही. जेवून येजो."

तेव्हापासून रविवारची दुपार त्यांची. ते पलंगावर लोडाला टेकून बोलायचे आणि मी लॅपटॉपवर टाइप करायचे. एक माणूस भरून झाला की मी विचारायचं, "टाकू का?" आणि त्यांनी म्हणायचं, "मार डबल." कंडक्टरनं दोनदा घंटी मारली की गाडी सुटते, त्यातला हा प्रकार. मध्येच काही आठवलं तर "मार सिंगल!" असा हुकूम यायचा, की माझं बोट जागच्या जागी थांबायचं. खात्याला लागायचं जन्मसाल आणि गाव, आणि मामाजी सांगायचे भलतंच. "लिही, डोळे घारे. तूर चांगली पिकवे. पंगतीत वाढाले लावलं तं आपल्या मानसाले जास्त वाढे." एकदा एका चुलतआज्याचा व्यवसाय काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाले, "त्याचा? बायकोले भिऊन राहनं." मी 'शेती' लिहिलं.

दोन-तीन वर्षांत त्या खात्यात अर्धा जिल्हा गोळा झाला. मग लोक सोयरीक जमवण्याआधी मामाजींच्या ओसरीवर यायला लागले. आमच्याकडे मुलगा-मुलगी पसंत पडली तरी आधी नातं तपासतात. भाऊबंदकी निघते का, मावसनातं निघतं का, हे जाणत्या माणसाला विचारतात. मामाजी आधीपासूनच जाणते, त्यात आता लॅपटॉप. "कॉम्प्युटरनं पास केलं," असं ते अशा काही थाटात सांगायचे की पाहुण्यांना वाटावं, साखरपुडाही तोच करणार आहे.

अशीच एक सोयरीक आमच्या गल्लीतल्या रेखाबाईंच्या पल्लवीची. पल्लवी नर्सिंग शिकलेली, वाशीमला एका दवाखान्यात नोकरीला. मुलगाही वाशीमचाच, खताच्या कंपनीत. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि पल्लवीचं चालणंच बदललं. दारावरून जाताना उगाच हसायची. फक्त सुपारी फुटायची राहिली होती. मुलाकडच्यांनी त्यांच्या घराची नावं पाठवली, ती मी खात्यात भरली, आणि लगेच पडद्यावर सूचना आली की या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या असू शकतात.

पल्लवीच्या आईचे वडील सखाराम मारोती, मेडशीचे शेतकरी. मुलाच्या आईचे वडीलही सखाराम मारोती, जन्म मेडशीचा, पुढे वाशीमला कापसाच्या जिनिंगवर कामाला गेलेले, आणि मुलं लहान असतानाच वारलेले. आडनाव एक, त्या आडनावाची मेडशीत अर्धी आळी आहे. वयही जवळपास सारखं.

मी म्हटलं, "मामाजी, हे दोघं एक केले तं एका मानसाच्या दोन बायका होतात. एक मेडशीले, एक वाशीमले."

"मंग असतीन. त्या जमान्यात करे मानूस दोन घरं."

"कोनाले विचारून पाहू का?"

"कायले? मले विचारलं ना? मार डबल."

मी मारली. दोन सखाराम एक झाले, दोघांच्या लेकी एकाच बापाच्या म्हणून बहिणी झाल्या, आणि पल्लवी अन् तिचा होणारा नवरा मावसभाऊ-बहीण झाले. मामाजींनी लगेच दोन्ही घरी फोन लावला आणि गाडी रद्द झाल्याचं पुकारावं तसं सांगून टाकलं, "सोयरीक होत नाही. मावसबहीन लागते." मुलाकडच्यांनी मामाजींच्या शब्दावर शंका घेतली नाही. कुणीच घेत नसे. ते दुसरी स्थळं पाहायला लागले. पल्लवी तोंडाला स्कार्फ बांधून गल्लीतून खाली मान घालून जाऊ लागली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही ओसरीवर बसलो असताना रेखाबाई आल्या. पायरीवरूनच बोलायला सुरुवात.

"मामाजी, लगन मोडलं ते मोडलं, पोरीले मी समजावीन. पन माह्या बापाले दोन बायका केल्या तुमी! माही माय वरतं लाजून राह्यली असन."

"अवं रेखा, नावं पाय ना. सखाराम मारोती, मेडशी. कॉम्प्युटर म्हन्ते..."

"कॉम्प्युटर मेडशीले राह्याले होता काय? आन् सखाराम सखाराम काय लावलं? माह्या बापाले घरात कोनी सखाराम म्हनलंच नाही. ते त्याच्या आज्याचं नाव. माही आजी सासऱ्याचं नाव कशी घेईन? थे जलमभर त्याले बापू म्हने."

वारलेल्या आज्याचं नाव नातवाला ठेवायचं आणि मग त्या पोराच्या आईनं ते जन्मभर उच्चारायचं नाही, ही आमच्याकडची जुनी पंचाईत. मी स्वतः मामाजींचं नाव त्या खात्यात असंख्य वेळा टाइप केलं असेल, तोंडानं मात्र एकदाही घेतलं नाही.

मामाजींचं आजोळ मेडशीचं. लहानपणाच्या सुट्ट्या तिथेच गेलेल्या. ते बोलायला लागले तेव्हा आवाज इतका हळू होता की आत्याबाई आतून बाहेर आल्या.

"थो जिनिंगवर गेला ना, त्याची माय मले आठोते. ओट्यावर उभी राहून हाका मारे. 'ए सख्या! कुठी उलथला रे सख्या!' आमी पोट्टे तिची नक्कल करो. साऱ्या आळीले आयकू जाये." त्यांनी रेखाबाईंकडे पाहिलं. "सासऱ्याचं नाव असतं तं तिनं अशी हाक मारली असती काय?"

म्हणजे एका सखारामाच्या आईनं ते नाव कधी तोंडातून काढलं नाही आणि दुसऱ्याची आई त्याच नावानं गाव डोक्यावर घ्यायची. एक माणूस असणं शक्यच नव्हतं.

"दोन होते," मामाजी म्हणाले. "सखाराम दोन होते."

आत्याबाईंनी पदर खोचला आणि विचारलं, "मंग? आता गाडी कोन्त्या नंबरले नेता?"

मामाजींनी लॅपटॉपकडे बोट केलं. मला म्हणाले, "सूनबाई, अलग कर दोघायले." एकत्र केलेल्या नोंदी परत वेगळ्या करता येतात, फक्त कारण लिहावं लागतं. मी 'दोन वेगळ्या व्यक्ती' असं लिहून वाचून दाखवलं.

"खोड ते. लिही, माही चूक."

"मामाजी, हे जगात कोनीही वाचू शकते."

"वाचू दे."

मला वाटलं, आता एक फोन केला की झालं. मी मोबाइल पुढे केला, तर मामाजी पांढरा सदरा चढवून दारात उभे. "चाल. वाशीमले जाऊ." आम्ही बसनं निघालो. खिडकीशी मामाजी, मध्ये मी, आणि पलीकडे फेटेवाला एक म्हातारा. मामाजींनी त्याला गाव विचारलं नाही, मामाचं गाव विचारलं नाही. तो माणूस वाशीमपर्यंत अनोळखीच राहिला. मामाजी किती घाबरले आहेत हे मला तेव्हा कळलं.

मुलाच्या घरी बैठक भरलेली होती. काका, मामा, आणि टीपॉयवर दुसऱ्या एका मुलीचा फोटो. बसा म्हटलं तर मामाजी बसले नाहीत. पाणी आलं, घेतलं नाही. मधोमध उभे राहिले आणि स्टँडवरच्या त्यांच्या जुन्या आवाजात बोलले, "सखाराम दोन होते. दोघायचा एक मी केला. पोट्टीचा दोष नाही, पोट्ट्याचा नाही, आन् तुमच्या घरच्या मेलेल्या मानसाचा तं नाहीच नाही. त्यानं एकच घर केलं. चुकी माही हाय."

मुलाचे काका संकोचून म्हणाले, "अहो, बसा तं. फोनवर सांगतलं असतं तरी चाललं असतं."

"मोडाले फोन केला होता," मामाजी म्हणाले. "जोडाले पायानं यावं लागते."

स्वयंपाकघराच्या दारात मुलाची आई उभी होती. बाप तिला नीटसा आठवतही नव्हता, आणि इतके दिवस ती त्या न आठवणाऱ्या बापाचा राग करत होती. ती डोळे पुसत पुढे आली. टीपॉयवरचा फोटो उचलून तिनं पालथा ठेवला आणि तिथे पाण्याचा ग्लास ठेवून म्हणाली, "आता तरी पानी घ्या." मामाजींनी एका दमात ग्लास रिकामा केला. मग खुर्चीत टेकले आणि तिच्या आजीचं वर्णन सांगत बसले. तिला ते कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. माइक अर्थातच मामाजींकडे. वऱ्हाडी मंडळींना जेवायला बसा म्हणून त्यांनी असं पुकारलं की हायवेवरच्या दोन मोटारसायकली थांबल्या.

मागच्या हिवाळ्यात मामाजी गेले. सकाळी चहा पिऊन पलंगावर टेकले, ते उठलेच नाहीत. खातं अजून माझ्याकडे आहे. लेकीनं सांगितलं, चालू ठेव. एखादी सूचना आली की मी आता फोन उचलते आणि त्या गावात कुणी म्हातारं माणूस आहे का ते विचारते. पण रविवारच्या दुपारी शेजारची ओसरी गप्प असते, आणि त्या गप्प ओसरीची मला अजून सवय झालेली नाही.

तेरवीला कुठून कुठून माणसं आली होती. पंगतीत जो तो शेजारच्याला विचारत होता, तुम्ही त्यांचे कोण? आणि प्रत्येक जण सांगत होता, सोयरा. रेखाबाई आणि पल्लवीची सासू शेजारी शेजारी बसल्या होत्या. विहिणी विहिणी, पण मानपान कुठला, एकीच्या ताटातला वडा दुसरीच्या ताटात जात होता. समोर बसलेल्या एका पाहुणीनं ते पाहिलं आणि विचारलं, "तुमी दोघी सख्ख्या बहिनी काय वं?"

"मामाजीनं केल्या होत्या," रेखाबाई म्हणाल्या. "मंग त्यायनंच येऊन मोडल्या."

"पन आमी नाही मोडल्या," पल्लवीची सासू म्हणाली.

मी त्याच पंगतीत वाढत होते. वरणाची बादली तिथेच खाली ठेवली आणि मांडवामागे जाऊन पोटभर रडले.