एका पंगतीतल्या चार बाटल्या

चारही बाटल्यांवरचे फुगे टम्म फुगलेले पाहून आगाशे साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. दोनच फुगायला हवे होते.

चिंचवडच्या आमच्या छोट्या कारखान्यात यीस्ट वाढवून, वाळवून त्याच्या शक्तीच्या गोळ्या करत. आगाशे साहेब केमिस्ट आणि मी लॅबमध्ये बाटल्या धुणारी. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण साहेब सगळं समजावून सांगत. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. ते साखर खातात आणि आपण श्वास सोडतो तसा वायू सोडतात. बाटलीत साखरपाणी आणि यीस्ट घालून तोंडाला फुगा बांधला, की त्या वायूने तो फुगतो. खायला नसेल तर लोंबत राहतो.

भांडण सॅकरीनवरून होतं. मालकांना मधुमेह. डॉक्टरांनी त्यांना चहात साखरेऐवजी सॅकरीनची गोळी सांगितली होती. एवढीशी गोळी कपभर चहा गोड करते हे पाहून त्यांच्या डोक्यात आलं, यीस्टलाही हेच घालू, साखरेची पोती वाचतील.

"ते फक्त जिभेला गोड लागतं," आगाशे साहेब म्हणाले. "यीस्टला जीभ नाही. त्याला त्यात खायला काहीच नाही."

"दाखवा करून. नाहीतर तुमच्या जागी मी दुसरा माणूस बघतो."

आगाशे साहेबांचं लग्न ठरलं होतं, आणि मुलीच्या वडिलांनी नोकरी पाहूनच होकार दिला होता.

म्हणून सकाळी चार तपकिरी बाटल्या कोमट पाण्याने भरून ओळीने मांडल्या. एकीत साखर, एकीत गूळ, एकीत दुधातली साखर, एकीत सॅकरीन. दुधातली साखर साखरच असते, पण आमच्या यीस्टला ती फोडता येत नाही. न सोललेला नारळ पुढे ठेवल्यासारखं. साहेबांनी आतून यीस्ट आणून घातलं, मी फुगे बांधले. आणि दुपारी मालकांसमोर हे असं.

"काय आगाशे, जीभ फुटली वाटतं यीस्टला," मालक म्हणाले. ते भलतेच खुशीत होते. "मी कधीपासून गोळी घेतोय, तरी डॉक्टर म्हणतो लघवीत साखर आहे. मला वाटलंच होतं, त्या गोळीत सत्त्व असणार."

आगाशे साहेब बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचू लागले. तेवढ्यात सोनामावशी चहा घेऊन आल्या. झाडलोट आणि चहा त्यांच्याकडे होता. फुग्यांकडे बघून त्यांचा चेहरा फुलला.

"समदी जेवली म्हणायची."

मालकांपुढे माझा आवाज फुटत नसे. मी मावशींच्या कानाशी विचारलं, "मावशी, जेवली म्हणजे?"

"तूच सांगितलंस न्हवं, ही दोगं उपाशी ऱ्हाणार म्हनून? तू दोरा आणाया गेलीस, तवा घातला लिंबाएवढा गूळ दोगांतबी. एका पंगतीत दुजाभाव करू न्हाई, पाप लागतं."

हे कुजबुजणं नव्हतं. मावशींचा आवाज पार गेटपर्यंत जाई.

आगाशे साहेबांना हसू फुटलं. मालक हसले नाहीत. त्यांनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला.

"सोनाबाई, माझ्या चहात काय घालता?"

"गोळी घालते की. डागदरानं सांगितलीय ना."

"आणि?"

"आन दोन चमचं साखर. बाजूला मॅनेजर साहेबास्नी साखर, आन ज्याचा कारखाना त्यो गोळीवर? बरं दिसतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लावून प्रयोग पुन्हा झाला. साखर आणि गूळ फुगले, बाकीचे दोन लोंबत राहिले. साखरेची पोती येत राहिली आणि आगाशे साहेबांची नोकरी टिकली. मालक चहा स्वतः करून घेऊ लागले. त्यांच्या लघवीतली साखर पुढच्या तपासणीत कमी निघाली. डॉक्टरांनी त्याचं श्रेय गोळीला दिलं.

प्रयोगात ज्याला उपाशी ठेवायचं, त्याच्यावर आधी पहारा बसवावा, एवढं मी शिकले. साहेबांच्या लग्नाचे पेढे वाटायला मावशी निघाल्या, तेव्हा मालकांच्या खोलीपर्यंत मला त्यांच्यासोबत पाठवलं होतं. मावशींनी वाटेत दोनदा विचारलं, "मालकास्नी अर्धा बी न्हाई?"