आबांच्या कार्डांचं बिऱ्हाड

विसरणं हा माणसाचा धर्म असेल, तर आमचे मामेसासरे हे अख्ख्या खान्देशातले एकमेव पाखंडी होते. माझ्या बायकोचे हे मामा धुळ्याचे. लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणत. उभी हयात त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात घालवली होती, त्यामुळे माणसं त्यांच्या लक्षात राहत ती चेहऱ्याने नव्हे, आवाजाने. एकदा दोंडाईच्याच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत पलीकडून कोणीतरी नुसतं "अहो, मठ्ठा" म्हणाला. आबांचा घास हातातच राहिला. "तुम्ही रोज सकाळी सुरतेला कापसाचा भाव विचारायचात आणि आधी खोकायचात," ते म्हणाले. त्या गृहस्थाला पुढे मठ्ठा गेला नाही. आबांच्या दारात पाऊल टाकणाऱ्याला पाणी नंतर, आधी प्रश्न: "बस टाइमवर उनी का?" शेजारच्या वाटीभर साखर मागायला आलेल्या काकूंनाही हाच प्रश्न. काकू बिचाऱ्या "हो, आली" म्हणून साखर घेऊन जायच्या. मला वाटायचं, ही यांची सवय आहे. सवय म्हटलं की आपण पुढे विचारत नाही.

या पाखंडामागे एक भीती होती आणि ती आबांनी कधी लपवली नाही. त्यांचे वडील, नाना, शेवटच्या तीन वर्षांत सगळं विसरले. आधी भाजीचं नाव, मग गल्ली, मग माणसं. आबा नानांना आंघोळ घालत असताना नाना त्यांच्याकडे कौतुकाने बघत आणि विचारत, "तू कोना पोऱ्या शे रे?" आबा सांगत, "तुमनाच, नाना." नाना हसत, मान डोलवत, आणि पाण्याचा दुसरा तांब्या डोक्यावर पडला की पुन्हा विचारत. हे सांगताना आबांचा आवाज खाली यायचा. "आपलं तसं नको व्हायला," एवढंच म्हणायचे. जन्मभर त्यांनी जी झुंज दिली ती या एका वाक्याशी.

झुंजीचं हत्यार म्हणजे कार्डं. घरी आलेली प्रत्येक लग्नपत्रिका आबा कात्रीने कापत. गणपतीवर कात्री चालवायची नाही हा दंडक, म्हणून गणपतीचे तुकडे एका बिस्किटांच्या डब्यात आणि बाकीचे कोरे चौकोन कामाला. चौकोनाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. जामनेरच्या साडूच्या घराला पायऱ्या किती? असोद्याच्या चुलतसासऱ्यांचा बैल कोणत्या पायाने लंगडायचा? नानांना कोणती भाजी आवडायची? जगाच्या दृष्टीने यातल्या एकाही उत्तराला किंमत नव्हती. पण धुळे–जळगाव बसमध्ये आबा खिडकीशी ही गड्डी घेऊन बसले की पारोळा येईपर्यंत मागच्या दोन बाकांवरची माणसं पायऱ्यांवर पैजा लावायची. एका कंडक्टरला तर बैलाचा पाय पाठ झाला होता.

कार्डं विचारायचं काम मामींचं. मामी असोद्याच्या, केळीच्या मळ्यात वाढलेल्या, बोलायला मोकळ्या. सकाळी चुलीवर दूध ठेवायच्या आणि गड्डी हातात घ्यायच्या. दुधाला उकळी यायच्या आत उत्तर आलं तर आठवलं, नाहीतर विसरलं. विसरलेलं कार्ड पोळपाटाखाली जाई, म्हणजे उद्या पुन्हा हाताशी. आठवलेलं फळीवरच्या डब्यात, आठवड्याने निघायचं. आणि जे पुन्हापुन्हा आठवलं ते माळ्यावरच्या ट्रंकेत, ते थेट पुढच्या वर्षी. मामी या कामात पक्क्या लबाड होत्या. नवरा अडखळला की हळूच विस्तव मागे ओढत. आबांना ते कळायचं, पण न कळल्यासारखं करायचं हेही एक लक्षात ठेवावं लागतंच.

मामींनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं कार्ड मात्र एकच. प्रश्न असा: पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय विचारलं होतं? त्याची हकिकत मामींनीच मला सांगितली. आबा मुलगी बघायला असोद्याला निघाले आणि बस पारोळ्याला बंद पडली. पोचले तेव्हा पोहे गार झाले होते, वडीलधारे गप्प झाले होते. मुलीने खाली मान घालून बसायचं, विचारतील तेवढं सांगायचं, अशी रीत. या मुलीने पाण्याचा तांब्या पुढे केला, मान वर केली आणि भर बैठकीत विचारलं, "बस टाइमावर आली का?" "मले हसू येत होतं," मामी म्हणाल्या, "ह्यांच्या टोपीवर बोटभर धूळ." आबांनी उत्तर दिलं, "आली." दोन तास उशिरा पोचलेल्या माणसाचं हे उत्तर ऐकून बैठक हसली आणि लग्न ठरलं. ते कार्ड अर्थातच पहिल्या वर्षीच माळ्यावर गेलं.

मामी गेल्या आणि कार्डं विचारायला कोणी उरलं नाही. स्वतःच स्वतःला विचारायचं तर बोटं आपोआप कार्ड उलटतात. तेव्हा नव्वद साल उलटून गेलं होतं आणि मी जळगावात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. आबांनी क्लासमधूनच निघालेला एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि मला फर्मान सोडलं, "हे मशीन माले इचारी अशी सोय करा." मी मामींचीच पद्धत प्रोग्राममध्ये घातली. एक दाबलं की आठवलं, दोन दाबलं की विसरलो. विसरलेलं उद्या, आठवलेलं आठवड्याने, पक्कं आठवलेलं वर्षाने. पोळपाट, डबा, माळा. आबांनी एका उन्हाळ्यात हजारभर कार्डं इंग्रजी लिपीतलं मराठी वापरून एका बोटाने भरली. नातलगागणिक एक फाईल, आरत्यांची एक, आणि कोणतं कार्ड कधी चुकलं, पुन्हा कधी विचारायचं याची नोंद ठेवणारी एक वेगळी फाईल. सकाळी दूध गॅसवर, आबा खुर्चीत, समोर हिरवी अक्षरं उजळायची. खिडकीतून कोवळं ऊन टेबलावर यायचं, मशीन घोंघावायचं, आणि आबा अर्धे मिटलेल्या डोळ्यांनी जामनेरच्या पायऱ्या चढत असायचे. मी गेलो की त्या खोलीत मलाही गुंगी येई. वाटे, स्वयंपाकघरातून कोणीतरी विस्तव मागे ओढतंय.

मग डिस्क करकर करू लागली. जुनी हार्ड डिस्क, तिच्यावर जागोजागी खराबी. आबांचा जीव गोळा झाला, कारण सगळी माणसं तिच्यात होती. मी जळगावहून दुसरी डिस्क नेली आणि पहिलीच्या शेजारी बसवली. जावई जमिनीवर बसतो हे आबांना बघवेना, म्हणून त्यांनी मला पाट दिला. पाटावर बसून स्क्रू पिळणारा माझ्यासारखा दुसरा मेकॅनिक धुळे जिल्ह्यात झाला नसेल. जुनी डिस्क मशीन सुरू करण्यापुरती ठेवायची, माहिती सगळी नव्या डिस्कवर हलवायची. "पुढच्या रविवारी येतो, मी हलवतो, तुम्ही हात लावू नका," असं सांगून मी निघालो.

मध्ये आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला मुहूर्त बघावा लागत नाही हे आबांना माहीत होतं, आणि बिऱ्हाड हलवायला याहून चांगला दिवस नाही हेही. सकाळी त्यांनी मामींच्या नावाने घागर भरली, आमरस-पोळीचा घास ठेवला आणि टेबलाशी बसले. कॉपी कशी करायची ते माझ्याकडून त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतंच. घर बदलताना आधी देव जातात, मग वडीलधारे, मग लक्ष्मी, मग भांडीकुंडी. त्या क्रमाने त्यांनी एकेक फाईल नेली: आधी आरत्या, मग नाना, मग मामी, मग असोदा, जामनेर. आणि जुना झाडू नव्या घरात नेत नाहीत, म्हणून चुकांच्या नोंदींची फाईल त्यांनी मागेच ठेवली. आपल्या चुका नव्या घरात कशाला? शिवाय सोडलेलं घर झाडून द्यायचं असतं. त्यांनी जुन्या डिस्कवरचं ते सगळं पुसलं, आणि जागा ओस पडू नये म्हणून शेजारच्या क्लासवाल्याकडून फ्लॉपीवर आणलेलं पंचांग तिथे भरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "जावईबापू," आबांचा आवाज मला परका वाटला, "मशीन माले वयखत नही."

मशीन ओळखत नाही म्हणजे काय ते फोनवर कळेना, म्हणून मी पहिली बस पकडली. दारातला प्रश्न त्या दिवशी आलाच नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. पाटावर बसून मी दुपारपर्यंत शोधलं. कार्डं सगळी सुखरूप होती. तारखा गेल्या होत्या. आबांना काय येतं, काय येत नाही, कोणतं कार्ड माळ्यावर आणि कोणतं पोळपाटाखाली, हे मशीन सपशेल विसरलं होतं. त्याच्या लेखी आबा आज जन्मले होते. पुसलेलं परत आणायची एक वाट असते, पण तिच्यावर आता पंचांग बसलं होतं. मला त्यांचा रागही आला आणि हसूही. "आबा, तुम्ही नव्या घरात झाडू नेला नाहीत, पण घराची किल्ली त्याच झाडूला बांधली होती," मी म्हणालो. आबा हसले नाहीत. त्यांनी मशीनवर हात ठेवला. नानांच्या डोक्यावर ठेवत असतील तसा. "आते याले पयलेपासून सांगनं पडी," म्हणाले.

मी म्हटलं, सगळी कार्डं आठवलेली म्हणून एका रात्रीत लावून देतो. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. मी रात्री तिथेच राहिलो. सकाळी आबांनी दूध ठेवलं आणि ते टेबलाशी बसले. फायली ज्या क्रमाने नव्या डिस्कवर गेल्या त्याच क्रमाने प्रोग्राम त्या वाचत होता. आरत्या झाल्या. नानांची भाजी झाली. आणि मग पडद्यावर आलं: पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय विचारलं होतं?

हे कार्ड माळ्यावरचं. मामी गेल्यावर एकदा दिसलं असेल, एक दाबलं की वर्षभर गायब. आबा बघत राहिले. ऊन टेबलावरून त्यांच्या हातावर आलं. दूध उतू गेलं, त्याचा करपट वास घरभर झाला, तरी ते उठले नाहीत. मग त्यांनी बोट उचललं आणि दोन दाबलं. विसरलो.

"आबा!" मी म्हणालो. "हे तर तुम्हाला येतं."

"माले बठ्ठं याद शे," आबा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "याद शे सांगं, का ते आठ दिन इचारत नही, मंग वरीसभर."

त्या क्षणी मला काकूंची साखर आठवली, दारातला प्रश्न आठवला, आणि मी गॅस बंद करायला आत गेलो. उतू गेलेलं दूध मी गरजेपेक्षा दोनदा जास्त पुसलं.

त्यानंतर रोज सकाळी आबा ते एक कार्ड विसरत. विसरण्याचा ज्यांनी जन्मभर तिटकारा केला, ते गृहस्थ दररोज नेमाने दोन दाबत आणि उद्याची वाट बघत. बाकी कार्डं एकेक करून पुन्हा माळ्यावर चढली. पुढे दोन-तीन वर्षांनी मात्र ती उतरू लागली. आधी पायऱ्या, मग बैल, मग माणसं. नानांची वाट आबांनाही चुकली नाही. मशीनवर आता खरोखरच दोन दाबलं जाई, आणि एक दिवस मशीन सुरू कसं करायचं तेही गेलं. माझी बायको त्यांच्याजवळ बसून रडायची आणि ते तिला धीर द्यायचे, कोण आहे ते न कळता.

मी शेवटचा धुळ्याला गेलो तेव्हा बस पारोळ्याला तासभर अडकली होती. आबा ओसरीत उन्हात बसले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं, आणि मला कळलं की यांनी मला ओळखलेलं नाही. आवाज ऐकून तरी ओळखतील म्हणून मी हाक मारली. काही उपयोग झाला नाही. त्यांनी शेजारची जागा हाताने झटकली, मला बसवलं, आणि अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "बस टाइमवर उनी का, भाऊ?"

"आली, आबा," मी म्हणालो. "अगदी वेळेवर आली."