लोखंडी टोकाचे बूट

बाबा, परत तेच नका म्हणू का स्टील प्लँटच्या बुटाइतका मजबूत बूट जगात नाही. मजबूत हाय, मी कुठं नाही म्हणतो? पण पाय माहा हाय.

बाबा ऐकत नाही, म्हणून रुआबांध्याच्या, आपल्या मोहल्ल्यातल्या दोस्तांनो, तुमाले सांगतो. मी इथं उत्तराखंडच्या पहाडात ट्रेकवाल्यांचं सामान वाहतो. आज सकाळपासून उघड्या गवताळ माळावरून अठरा किलोमीटर चाललो. एक झाड नाही, नुसता वारा आन् बर्फानं पांढरं झालेलं गवत. दुपारी डाव्या पायाची बोटं दुखायची थांबली. मले वाटलं, बरं झालं.

तंबूत खच्चरवाल्या चाचानं बूट काढून दिला. टोक ठोकून म्हणाला, "अरे बेटा, ये तो लोहा है! भट्ठी का जूता बर्फ में कौन पहनता है?"

बाबाची सारी नोकरी भट्टीपाशी गेली. तिथं ह्याच लोखंडानं त्यांचे पाय वाचवले. इथं ते दिवसभर थंडी धरून बसलं. दोन बोटं लाकडासारखी झाली. कॅम्पचा डॉक्टर म्हणाला, वाचतील का कापावी लागतील, ते चार दिवसांनी कळेल.

बाबानं हे बूट स्वतः पॉलिश करून देले होते. रागवू तरी कसा?

पण सोमवारी लहान भाऊ माह्याकडे निघून राहिला, आन् बाबानं त्याच्यासाठी दुसरी जोडी काढून ठेवली. यार, कोणीतरी त्याले हुडकोच्या बाजारात बुटाच्या दुकानात न्या, गरम अस्तराचे बूट घेऊन द्या. आत्ताच पाठवून राहिलो, अडीच हजार रुपये.